आईंच्या बोटांसाठी

४ मार्च

ऑफिसला गेलो. दोन नकाशे तपासून दिले. येताना दूध आणि पाव आणला. तिला जाऊन आज अडतीस दिवस झाले.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. एरवी तब्येत विचारून ठेवून देतो, आज ठेवेना. शेवटी म्हणाला, "भावोजी, आई कार्ड विचारतेय."

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, ऐकूही जवळजवळ येत नाही, आणि हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून सांगितलं, ते मेहुण्याने धरून ठेवलं. तेव्हा मला विचारलं होतं. मी हो किंवा नाही काहीच म्हणालो नव्हतो.

ती दर महिन्याला आईला एक कार्ड पाठवायची. पांढरंच. रंगाचा त्यांना काय उपयोग. कागदावर उठून आलेलं एक फूल आणि खाली तीन शब्द, तेही उठावाचे. त्या बोटांनी वाचायच्या. फोनवर ऐकू येत नाही म्हटल्यावर दोघींमध्ये एवढंच उरलं होतं.

मेहुणा म्हणाला, "फेब्रुवारीचं आलं नाही तेव्हा पोस्टात अडकलं असेल म्हणालो. आता काय सांगू? तुम्ही एखादं करून पाठवता का?"

"मला येत नाही ते."

"तुम्ही नकाशे काढता की."

"नकाशा सपाट असतो."

"फूलच तर आहे, भावोजी."

बघतो म्हणालो.

८ मार्च

सुट्टी. तिच्या टेबलाशी बसलो. तिची खुर्ची मला बुटकी पडते, गुडघे टेबलाला लागतात. खुर्ची बदलली नाही.

टेबल होतं तसंच आहे. आत दिवा असलेली काचेची पेटी. पितळेच्या पत्र्यातून कापलेले साचे, एकावर एक. टोकाला गोळी असलेल्या तीन सळया, बारीक, मध्यम, मोठी. त्यांना ती दाबणी म्हणायची. मेणाचा तुकडा. आणि काचेवर, साच्याला चिकटवलेलं एक कार्ड. पाच पाकळ्यांचं फूल. तीन झाल्या होत्या.

वीस वर्षं हे काम घरात चाललं होतं आणि मी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं. कागद दाबला जाताना बारीक कुरकुर होते. मला तेवढंच माहीत होतं.

आज कळलं ते लिहून ठेवतो. खाली दिवा, काचेवर साचा, त्यावर कागद पालथा. दिव्यामुळे साच्याची भोकं कागदातून उजळ दिसतात. कागदाला पाठीमागून मेण चोळायचं म्हणजे सळई अडखळत नाही. मग भोकाच्या कडेकडेने ती दाबत न्यायची. आपण इकडून खड्डा पाडतो, पलीकडे त्याचा उंचवटा होतो. चांगली बाजू काम संपेपर्यंत दिसत नाही.

उरलेल्या दोन पाकळ्या मी केल्या. उलटून पाहिलं तर पाचही सारख्याच वाटल्या. डोळे मिटून बोट फिरवलं, तरी मला फरक कळला नाही.

नंतर अक्षरं. प्रत्येक कार्डावर ती "मी बरी आहे" एवढंच घालायची. पाठीमागून दाबायचं म्हणून ते उलटं काढावं लागतं. तीन शब्दांना दुपार गेली. उलटं काढताना वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

१० मार्च

कार्ड टाकलं. पाकिटात चारी बाजूंनी पुठ्ठ्याची चौकट घातली, म्हणजे उठाव दबत नाही. हे तिच्या जुन्या पाकिटात पाहिलं होतं.

१९ मार्च

मेहुण्याच्या बायकोचं पत्र आलं. सासूबाई सांगतात ते त्या शब्दाला शब्द लिहून पाठवतात. पूर्वी ही पत्रं हिच्या नावाने यायची. याही पाकिटावर हिचंच नाव आहे. नावही सासूबाईच सांगत असतील. मी ते वाचून तसंच जपून ठेवलं.

निरोप असा: "कार्ड मिळालं. तीन पाकळ्या फार छान आहेत. अक्षरं यापुढे घालू नका, बोटांना आता लागत नाहीत. फूल पुरे."

म्हणजे जमलं. पाचपैकी तीन चांगल्या म्हणाल्या, पहिल्या खेपेला पुष्कळ झालं. मेहुण्याला फोन करून सांगितलं. तोही म्हणाला, "संशय आलेला नाही. जेवली पण व्यवस्थित."

अक्षरं नकोत हे वाचून माझ्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. उलटी अक्षरं फार त्रासाची असतात.

५ एप्रिल

या महिन्याचं कार्ड पूर्ण माझं. लांबट पान, मधोमध शीर. चार वेळा बिघडलं. पाचवं चांगलं झालं पण कागद एका बाजूला वळला. नकाशाचा कागद वळला की आम्ही वजनाखाली ठेवतो, म्हणून मी तीन जाड पुस्तकांखाली ठेवलं. सकाळी काढलं तर पान गायब. इस्त्री केल्यासारखा कोरा कागद. तिरका धरला तेव्हा पुसटशी रेघ दिसली.

ती असती तर हसून हसून खाली बसली असती.

सहावं केलं. वळलेलं आहे तसंच पाठवलं.

१६ एप्रिल

सासूबाईंचा निरोप: "पानाची शीर फूटपट्टी लावल्यासारखी सरळ आहे. झाडाला पट्टी माहीत नसते. टोकाशी कागद फाटलाय. दाबण्याआधी वाफेवर दोन श्वास धरावा, मऊ होतो. जास्त धरला तर गळतो."

फूटपट्टी लावली होती हे खरं आहे.

मेहुणा घाबरला. मी म्हणालो, हात दुखतोय म्हणून असं होतं, असं सांग. त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडून सांगितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "हात दुखतो तर दाब इतका कसा?"

मेहुणा मला विचारतो, आता काय उत्तर द्यायचं? मी विषय बदल म्हणालो.

त्यांना हे सगळं कळणारच. त्यांनी तीस वर्षं कार्डांच्या कारखान्यात काढली. उठावाच्या यंत्रातून निघालेला प्रत्येक ताव हाताखालून घालून, वाईट तेवढा बाजूला काढायचा, हे त्यांचं काम होतं. ही म्हणायची, आई गप्पा मारता मारता न बघता ताव काढायची आणि मुकादम भिंगातून बघून म्हणायचा, हो बाई, खराब आहे.

३ मे

कागद संपला म्हणून तिच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखलं. तिची कार्डं तो ठेवायचा. जाडा, बोलका माणूस. हात जोडले, मग म्हणाला, "बाईंची गिऱ्हाइकं अजून विचारतात. कोणाला पाहिजेय कागद?"

"मलाच."

"तुम्ही करता? नकाशेवाले! फुलाखाली प्रमाण लिहाल, एक इंच बरोबर पाच पाकळ्या."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग त्याने एक डबी काढली. "हे दाबादाबीचं कोण करतं आता? चिकट शाईने काढायचं, ही पूड शिंपडायची, उरलेली झटकायची, गरम हवा द्यायची. वितळून फुगते. दोन मिनिटांत उठाव. बाईंना पाच वर्षं सांगत होतो. म्हणायच्या, हा उठाव नाही हो, हा पापुद्रा आहे."

मी डबी घेतली. तिला आवडलं नसतं हे माहीत असून घेतली. नीट जमलं तर आईंना सुबक कार्ड मिळेल असं वाटलं.

१४ मे

निरोप: "कार्डावर काय सांडलंय? गोंद असेल तर ओल्या फडक्याने पुसून घेत जा."

डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

त्याच पत्रात पुढे बरंच आहे: "कडेकडेने रेघ दाबली म्हणजे काम झालं असं नाही, ती नुसती कुंपणाची तार होते. कड झाली की साचा काढायचा. खाली मऊ कापडाची चौपदरी घडी घ्यायची. मग मोठ्या गोळीने मधून बाहेर, गोल गोल, पाकळीचं पोट भरत न्यायचं. तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत कागदाला नुसतं सांगायचं, दुसरीत समजवायचं, तिसरीत दाबायचं. आणि खांदा सैल सोडायचा. सबंध हाताने दाबलं की घट्ट होतं, बोटांनी दाबलं की मऊ."

इतकं बारीक तिने आईकडूनच शिकून घेतलं असणार. आता वयामुळे सासूबाई विसरल्या असाव्यात की लेकीला हे सगळं येतं. मला मात्र उपयोग झाला.

१५ मे

कापडाची घडी घेतली. तिची जुनी ओढणी. खांदा सैल सोडला. पाकळीला पोट आलं.

शेजारच्या खोलीत कोणी असतं तर त्याला ती कुरकुर ऐकू गेली असती.

२ जून

कार्ड टाकलं. कळी आणि एक उमललेलं फूल. आता माझा रविवार याच्यातच जातो. ऑफिसातला सोबती म्हणतो, "फिरायला चल, घरात बसून कुजशील." काम आहे म्हणालो. "कसलं काम?" बायकोचं काम आहे असं तोंडातून निघून गेलं. त्याने चहा माझ्याकडे सरकवला.

खरं सांगायचं तर पोस्टात कार्ड टाकल्यापासून पत्र येईपर्यंतचे आठ-दहा दिवस मला बरे जातात. तिच्याकडून काहीतरी गेलेलं असतं आणि तिला काहीतरी यायचं असतं. हे वेडेपणाचं आहे हे मला कळतं. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

१३ जून

निरोप: "फूल चांगलं आहे."

एवढंच. चूक एकही नाही. पत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

खूश व्हायला हवं होतं. शिकवायचं संपलं की काय, असं वाटून दिवसभर चैन पडलं नाही.

२० जून

वेगळं पत्र, मधल्याच दिवशी. "या महिन्यात फूल नको. लेकीचा चेहरा हवा. घाई नाही. पण चेहरा हवा."

खाली मेहुण्याच्या बायकोने आपलं एक वाक्य घातलं आहे: "भावोजी, हे सांगताना त्या अगदी शांत होत्या. मी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, जसं सांगितलं तसं लिही."

मेहुण्याचा फोन लगेच आला. "आईने असं का मागितलं असेल?"

"फोटो दिसत नाहीत म्हणून असेल."

"चार वर्षं दिसत नाहीत. आजच का?"

"म्हातारपणी वाटतं माणसाला."

"तुम्ही करणार?"

"प्रयत्न करतो."

"नाक-डोळे नीट नाही आले तर?"

मी फोन ठेवला.

२८ जून

फोटो शोधले. घरातले सगळे फोटो तीच काढायची, त्यामुळे तिचे फार थोडे आहेत. एक समोरून आहे, त्यात ती ऊन लागून डोळे बारीक करते आहे. तो घेतला. पेटीवर ठेवून कडा कागदावर उतरवल्या आणि दाबल्या. उलटून पाहिलं. गणवेशाच्या बिल्ल्यावर असतं तसं एक तोंड आलं. कोणाचंही.

५ जुलै

आज वेगळं केलं. आमच्या कामात टेकडी कागदावर आणायची असली की सारख्या उंचीच्या जागा एका रेघेने जोडतात. एकात एक अशा रेघा होत जातात, सगळ्यात आतली म्हणजे माथा. तिचा चेहरा मी तसा मांडला. नाकाचं टोक सगळ्यात वर. मग भुवयांचं हाड, गाल, वरचा ओठ, हनुवटी. आठ रेघा झाल्या.

गालाचं हाड नाकापेक्षा किती खाली, डोळ्याची खाच किती खोल, कानापुढची जागा किती बसकी, या उंच्या फोटोत नसतात. काढताना मला एकदाही थांबावं लागलं नाही. त्या मला माहीत होत्या.

१२ जुलै

तिसरा कागद. वाफेवर दोन श्वास. बाहेरच्या रेघेपासून आत, प्रत्येक रेघेला तीन फेऱ्या. दुपारी दोनला सुरू केलं, सहाला नाकाशी आलो. नाकाशी कागद फाटेल असं वाटत होतं. खांदा सैल सोडला. फाटला नाही.

उलटलं. तीच होती.

मग लक्षात आलं की कपाळावरची खूण उजवीकडे आली आहे. लहानपणी पायरीवरून पडून डाव्या भुवईवर एक खोक पडली होती, ती. मार्चपासून सगळं उलटं काढतोय आणि नेमकं इथे फोटोसारखं सरळ काढलं. मला क्षणभर वाटलं राहू द्यावं. पण ही खूण आईंनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या जखमेची आहे. त्यांची बोटं आधी तिथेच जातील.

कागद बाजूला ठेवला. चौथा घेतला, तो पुढच्या रविवारी पुरा करीन.

१९ जुलै

झालं. खूण डावीकडे. चौकट दुप्पट जाड केली.

पाकिटावर पत्ता घातला. पाठवणाऱ्याच्या जागी दर वेळी तिचं नाव घालतो. आज पेन तिथे बराच वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला. जागा कोरी ठेवली.

२९ जुलै

मेहुण्याचा फोन सकाळी ऑफिसात आला. मी जिन्यात जाऊन घेतला.

"भावोजी, आईला कळलं."

"काय?"

"सगळं."

मी कठड्याला टेकलो. तो बोलत राहिला. काल दुपारी कार्ड आलं. आईने कोणाला हात लावू दिला नाही. खिडकीशी बसली आणि तासभर बोटं फिरवत होती. भुवईशी जायची, थांबायची, पुन्हा कपाळापासून सुरू. शेवटी म्हणाली, हनुवटी जरा कमी झालीय, बाकी आहे सगळी. मग विचारलं, कधी गेली?

"मी म्हणालो, कोण? तर म्हणाली, मला ऐकू येत नाही रे, तुला काय झालं? मग सांगितलं, जानेवारीत. ऐकू गेलं नाही. दोनदा ओरडून सांगावं लागलं, भावोजी. शेजारचे दारात आले."

"तब्येत?"

"बरी आहे. डॉक्टरही बघून गेले. रडली नाही. मीच रडलो, तर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. इतका मोठा घोडा मी. म्हणाली, तुम्ही सगळे इतके जपत होता, मला मोडवेना."

जिन्यातून दोन माणसं खाली गेली. मी बाजूला सरकलो.

"तिने एकच विचारलं. शेवटी जवळ कोण होतं. मी म्हणालो, भावोजी होते, दवाखान्यात नऊही दिवस. मग जेवायला वाढ म्हणाली." मग तो म्हणाला, "सुटलो आपण."

मी हो म्हणालो.

"आणि तिने तुम्हाला बोलावलंय. जावयाचा हात बघायचाय म्हणते."

पुन्हा टेबलाशी जाऊन बसलो. समोर कोणत्या तरी गावाचा नकाशा होता. तो तपासून संपवला.

३१ जुलै

शनिवारची रजा मिळाली. मेहुण्याला गाडीची वेळ कळवली. मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं. तीन पाकळ्या, आणि 'घालू नका'. मग एप्रिलचं, मेचं, जूनचं, ओळीने सगळी. मी किती मठ्ठ माणूस आहे.

मेहुणा सुटलो म्हणाला, त्याचं बरोबर आहे. त्याला रोज समोर बसून खोटं बोलावं लागत होतं. माझं तसं नव्हतं. मला महिन्यातून एकदा तिच्याकडून काहीतरी पाठवायला मिळत होतं. आता मी पाठवीन ते माझं असेल. आईंना ते चालेल. मला चालतं का, ते अजून कळत नाही. तिकडे गेल्यावर आईंना काय सांगायचं तेही ठरवलेलं नाही. त्यांना ऐकू येत नाही, आणि मला मोठ्याने बोलायची सवय नाही. बहुतेक नुसता हात पुढे करीन.

बॅग भरली. दोन सदरे, पंचा, दाढीचं सामान. मग दिव्याखाली हात धरून पाहिले. अंगठ्याशेजारच्या बोटाला सळईचा घट्टा पडला आहे. नखं वाढली होती. पेपर पसरून बसलो. डाव्या हाताची पटकन झाली. उजव्या हाताची डाव्या हाताने कापायला वेळ लागला.